अमरावतीला गेलेली मावशी

गुरुवारी फोन वाजला की मी आधी घड्याळाकडे बघते. मी एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहायचे, आणि मालिका किती बघितली गेली ते सांगणारे टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. बाराच्या आत फोन आला तर आठवडा बरा गेलेला असतो, कारण बरी बातमी द्यायला सगळ्यांनाच घाई असते. दुपार उलटल्यावर येणाऱ्या फोनमध्ये चांगलं काही नसतं. त्या गुरुवारी तो सव्वाचारला आला आणि चॅनलच्या ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मातीचा, आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

“ऐक ना, आपण रॅप करूया.”

“कुठला ट्रॅक? कारखान्याचा?”

“नाही गं. शो.”

म्हणजे एखादं उपकथानक नव्हे, अख्खी मालिकाच गुंडाळायची. मग थोडा वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही. शेवटी मीच विचारलं, “किती भाग?”

“बँक धरून चौदा. गणपतीच्या आधी नवीन शो लागतोय.”

बँक म्हणजे चित्रित होऊन पडलेले भाग. ते तीन होते. म्हणजे लिहायचे राहिले अकरा. तीनशेच्या वर भाग चाललेलं एक घर अकरा भागांत आवरायचं होतं.

तसं मला आधीच कळायला हवं होतं. जूनमध्ये आमची वेळ बदलली होती, साडेआठची मालिका साडेसहाला आली होती. अशा वेळी ‘आता नव्या वेळेत’ असं वाजतगाजत सांगतात, जणू बढतीच मिळाली. पण साडेसहाला टीव्ही बघायला असतं कोण? अर्धा महाराष्ट्र लोकलमध्ये, एसटीत नाहीतर शेतावरून परतीच्या वाटेवर असतो आणि उरलेला भाजी निवडत असतो. मग रविवारचा महाएपिसोड गेला. मग सगळ्या नायिकांच्या एकत्र प्रोमोत आमची नायिका कडेला, शेवटून दुसरी दिसायला लागली. स्पॉटदादाला तर माझ्याही आधी कळलं होतं. घोडबंदर रोडवरच्या आमच्या चित्रीकरणाच्या बंगल्यात दुपारच्या जेवणाला दोन भाज्या असायच्या. त्याची एक झाली त्या दिवशी तो मला म्हणाला होता, “मॅडम, दुसरीकडे बघायला लागा.” मी हसून आमटी वाढून घेतली होती.

फोन ठेवला, वही काढली आणि देणी मांडली. नायिकेच्या नवऱ्याची स्मृती गेलेली होती (ती आम्हीच एप्रिलमध्ये घालवली होती). धाकट्या दिराने कारखान्याचे कागद गहाण टाकले होते. थोरल्या जावेचं गरोदरपण खोटं होतं आणि ती उशीसकट सातव्या महिन्यात पोहोचली होती. एक वकील होता, ज्याला यातलं सगळं माहीत होतं, पण तो कोमात होता.

आणि मावशी अमरावतीला गेलेली होती.

वहीत ही शेवटची ओळ मी लिहिली खरी, पण दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ती कुणीच वाचली नाही. मावशी ही नायिकेच्या सासूची बहीण. नवरा लवकर गेला, मूल नाही, म्हणून बहिणीकडे नाशिकला राहिलेली. प्रत्येक भागात तिला पाचसहा वाक्यं असायची आणि ती बहुतेक वेळा हातात काहीतरी निवडत, सोलत, वळत ती बोलायची. कथेला तिची गरज नव्हती, मला होती. घरात दोघी भांडत असल्या की तिसरीकडे तूर निवडणारं एक माणूस असावं लागतं, नाहीतर भांडणाला घर येत नाही. तिचं काम करणाऱ्या बाईंना एक नाटक मिळालं. मोठा दौरा होता, दोन महिन्यांच्या तारखा गेल्या. मग आम्ही मावशीला पुतणीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला पाठवून दिलं. जाताना दारात तिला काहीतरी वाक्य हवं होतं. मी लिहिलं, “पुरणाचं यंत्र वरच्या फळीवर ठेवलंय. मी आल्याशिवाय काढू नका, त्याची जाळी माझ्याशिवाय कुणाला बसत नाही.” रात्री दीड वाजता, झोपेत लिहिलेलं वाक्य. पुढे ते मला इतकं महाग पडेल असं वाटलं नव्हतं.

मराठीत मालिका ‘गुंडाळतात’. शब्द फार नेमका आहे. सतरंजी गुंडाळतात, पथारी गुंडाळतात, गाशा गुंडाळतात, आणि गुंडाळलेल्यात आत काय राहून गेलं ते दिसत नाही. वर्तमानपत्रं ‘मालिका घेणार प्रेक्षकांचा निरोप’ असं छापतात, जणू तीच पिशवी घेऊन उठली. नाटकाला शेवटचा अंक असतो, कीर्तनाला आरती, पारायणाला समाप्ती, व्रताला उद्यापन. रोजची मालिका तर व्रताच्याच जवळची: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, मध्ये उठायचं नाही, कुणी बोललं तर हाताने गप्प करायचं. फक्त तिच्या उद्यापनाची तारीख व्रत करणाऱ्याला माहीत नसते, आणि करवून घेणाऱ्यालाही ती गुरुवारी सव्वाचारला कळते.

त्या रात्री लिहायचं सोडून मी हेच आठवत बसले की हे असं कधीपासून झालं.

दूरदर्शनच्या काळात मालिकेला तेरा भाग मिळायचे. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा, तेवढीच मंजुरी. फार चाललं तर आणखी तेरा. लेखक पहिल्या भागापासून तेराव्याकडे तोंड करून बसायचा. मंजुरीसाठी खेटे, फायली, वशिले हे सगळं तेव्हाही होतं, पण शेवट लेखकाच्या हातात होता. मग ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ आली. लेखन मनोहर श्याम जोशींचं आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे. या मालिकेमागे मेक्सिकोचा नमुना होता. वर्ध्याचे खासदार वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते, त्या काळात त्या देशातल्या लोकशिक्षण करणाऱ्या मालिकांकडे आपल्याकडचं लक्ष गेलं. मेक्सिकोतल्या टेलीनोव्हेलाची गंमत अशी की ती रोज लागते, लोकांना वेड लावते आणि काही महिन्यांत संपते. शेवट आधीच ठरलेला असतो, त्या दिवसाची लोक वाट बघतात. अमेरिकेतल्या दुपारच्या सोपचं, म्हणजे तिथल्या रोजच्या कौटुंबिक मालिकांचं, नेमकं उलटं. तिथली ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ ला थांबली. ७२ वर्षं! आजीने सुरू केलेली मालिका नातीने संपवली असेल.

‘हम लोग’ दीड वर्षात, डिसेंबर १९८५ मध्ये संपली. म्हणजे आपण सुरुवात मेक्सिकोसारखी केली. पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि दोन्हीकडचं जे घ्यायला नको ते घेतलं. शेवट आधी ठरवायचा नाही, आणि ७२ वर्षंही द्यायची नाहीत.

शेवटासाठी भांडलेले प्रेक्षकही या देशाने पाहिलेत. रामानंद सागरांची ‘रामायण’ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ अशी ७८ भाग चालली आणि राज्याभिषेकाशी थांबली. उत्तरकांड राहिलं. वाल्मीकींना आपलं दैवत मानणाऱ्या सफाई कामगारांना हे पटेना, कारण सीतेला आश्रय देणारे आणि लव-कुशांना वाढवणारे वाल्मीकी येतात ते उत्तरकांडातच. जालंधरसह उत्तरेतल्या शहरांत त्यांनी संप केला, कचरा साठला, आणि पुढे लव-कुशाची कथा पडद्यावर आली. मालिका नीट पुरी करा म्हणून झालेला असा संप मला दुसरा माहीत नाही. आमच्या वाट्याला फार तर फेसबुकवर रडका चेहरा येतो.

मराठीत रोजच्या मालिकेची सवय लावली ‘आभाळमाया’ने, १९९९ मध्ये, अल्फा मराठी (आजची झी मराठी) नवी होती तेव्हा. मग ई टीव्हीवर २००१ मध्ये ‘चार दिवस सासूचे’ आली. सासूचे आणि सुनेचे मिळून आठ दिवस व्हायला हवे होते, ती चालली जानेवारी २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग. तिला मी नावं ठेवणार नाही. अकरा वर्षं रोज चूल पेटती ठेवणं हा काही चेष्टेचा विषय नाही, हे लिहायला लागल्यावर कळलं. याच्या दुसऱ्या टोकाला ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. ती २०१२ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षात संपली, आणि लोक आणखी मागत असताना संपली. आमच्या धंद्यात ती मालिका अजून उदाहरण म्हणून सांगतात. सांगतात तेवढंच. पुढच्या बैठकीत पुन्हा विचारतात, “हा ट्रॅक अजून दीडशे भाग ताणता येईल का?”

ताणायचं की तोडायचं हे ठरवणारा एक छोटासा खोका आहे. मीटर. देशभरातल्या निवडक काही हजार घरांत तो बसवलेला असतो. वाहिनीच्या आवाजात, आपल्या कानाला कळणार नाही अशी खूण मिसळलेली असते, ती तो ओळखतो. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. बघायला बसलं की आपापलं बटण दाबायचं. त्या घरांचे पत्ते गुप्त. लाखो घरं बघतात, पण मोजली जातात ती एवढीच. माझ्या आईच्या घरी तो खोका नाही. म्हणजे तिने तीनशे भाग रोज, हातातलं काम टाकून बघितले ते कुठेच लागले नाहीत.

या खोक्याचं एक मात्र मान्य करायला हवं. आधी मोजणी मुख्यतः शहरांत व्हायची. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेने २०१५ च्या ऑक्टोबरपासून खेड्यातलीही घरं मोजायला घेतली, आणि त्यानंतर दादर-पार्ल्याच्या दिवाणखान्यांतून मालिका बाहेर पडल्या. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरला गेली, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याला. हा काही योगायोग नव्हता. खोक्याने एका हाताने खेडं आत आणलं आणि दुसऱ्या हाताने आठवड्याच्या हिशेबावर गळे धरले. दोन्ही खरं.

२०२० आणि २०२१ मधलं तर विचारू नका. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं ते जुलैत पुन्हा नवे भाग लागेपर्यंत. ‘माझा होशील ना’ला तर सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पुढच्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तेव्हा युनिटं रातोरात गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबाद अशी पांगली. तेव्हा मी दुसऱ्या एका मालिकेवर होते. नायिकेच्या सासूचा पाय मोडलेला, ती पलंगावर, आणि अख्खं घर अचानक हवापालटाला गोव्याच्या रिसॉर्टवर. ‘डॉक्टरांनीच समुद्राची हवा सांगितलीय’ हे वाक्य माझं. मे महिन्यात गोवा सरकारनेही परवानग्या काढून घेतल्या आणि सासूला मोडक्या पायाने पुन्हा राज्य बदलावं लागलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झी मराठीने एकदम अनेक मालिका बदलल्या. त्यांतली ‘पाहिले न मी तुला’ मार्चमध्येच सुरू झाली होती. सहा महिनेसुद्धा नाहीत. तिथल्या संवादलेखकाच्या वहीतही कुणीतरी अमरावतीला गेलेलं असणार.

क्वचित उलटंही होतं. ‘माझी तुझी रेशीमगाठ’ २०२२ च्या सप्टेंबरमध्ये संपणार असं ठरलं होतं. लोकांनी इतका आग्रह धरला की ती साडेसहाच्या वेळेला चालू राहिली आणि जानेवारी २०२३ मध्ये संपली. आमच्या ग्रुपवर कुणीतरी त्या बातमीचा फोटो टाकला होता, खाली हात जोडलेले तीन. आम्ही मात्र साडेसहालाच होतो. आम्हाला आणखी मागे टाकायला दुपारच उरली होती.

तर अकरा भाग.

नवऱ्याची स्मृती पायरीवरून पडून गेली होती, ती त्याच पायरीवरून पडून परत आली. नव्या अपघाताला पैसे नव्हते. जावेने उशी काढून देवघरात कबुली दिली. ते दृश्य करणाऱ्या मुलीने इतकं चांगलं केलं की मॉनिटरमागे आम्ही गप्प झालो. कोमातल्या वकिलाला दुसऱ्या मालिकेत पोलीस निरीक्षकाचं काम लागलं होतं, त्यामुळे तो काही उठला नाही. त्याने अपघाताच्या आधीच सगळं एका पत्रात लिहून ठेवलं होतं, असं आम्ही ठरवलं. तीनशे भागांत कुणाला न सुचलेलं पत्र! कारखान्याचे कागद त्याच पत्रातून निघाले. दीर राहिला. त्याला सुधारायला पटकथाकाराने एक दृश्य दिलं, पावणेदोन मिनिटांचं. वर्षभर खलनायक असलेला माणूस आईच्या पायाशी बसतो आणि “चुकलो” म्हणतो. मी म्हटलं, निदान दोन भाग द्या. पटकथाकार म्हणाला, “कुठून देऊ?” त्याचंही खरं होतं. बाहेरचं चित्रीकरण बंद झालेलं, त्यामुळे जप्ती, सुटका, माफी, सगळं एका दिवाणखान्यात. पोलीससुद्धा बूट काढून आल्यासारखे सोफ्याच्या मागे उभे.

मला वाटलं होतं त्याहून वेगळ्याच गोष्टीने मला अडवलं. रोजच्या मालिकेचा प्रत्येक भाग हुकवर संपतो. दार उघडतं, कुणीतरी दचकतं, चेहरा फ्रीज. तीनशे भाग मी हेच लिहिलेलं. शेवटच्या भागाच्या शेवटच्या दृश्यात सगळे अंगणात तुळशीपाशी जमतात, हसतात, आणि मी सवयीने खाली लिहिलं: ‘तेवढ्यात दाराची बेल वाजते. सगळे वळून बघतात. फ्रीज.’ सकाळी ईपीचा मेसेज. “कोण आलंय?? 😅”

मला माहीत होतं कोण आलंय. पण बाई दौऱ्यावर होत्या.

मग मी बेल काढून फोन घातला. सासूला मावशीचा फोन येतो: बाळ-बाळंतीण सुखरूप, मी निघतेय. चार ओळी. बाईंनी एका थिएटरच्या रंगपटातून स्वतःच्या मोबाइलवर त्या बोलून पाठवल्या, मागे कुणीतरी इस्त्री मागत होतं. ध्वनीवाल्याने ती इस्त्री पुसून काढली. मला फार बरं वाटलं. एक देणं फिटलं.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. जाहीर होईपर्यंत घरीही बोलायचं नाही असा नियम असतो. आई मिरजेला एकटी असते. रोज सातला, भाग संपला की तिचा फोन. मी लिहिलेल्या वाक्यांची ती कधी स्तुती करत नाही, चुका काढते. “नाशिकची माणसं असं नाही बोलत.” “एवढं रडल्यावर कुणी लगेच चहा घेतं होय?” जूनपासून मात्र तिचा एकच प्रश्न असायचा: “मावशी कधी येणार?” मी म्हणायचे, येईल. ती हिशेब करायची. “आषाढ लागला. बाळंत झाली असेल आता ती पुतणी. मुलगा की मुलगी ते तरी सांगा.”

मग एक दिवस फोन आला तो दुपारीच. “तुमची मालिका बंद होतेय म्हणे. खालच्या वहिनींनी मोबाइलवर वाचलं.”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“हो गं.”

“बरं,” आई म्हणाली. मग थोडं थांबून, “मग आता काय करणार?”

मला वाटलं, माझं विचारतेय. मी सांगायला लागले की एक वेबसीरिज आहे, बोलणी चालू आहेत, आधीचे पैसे नव्वद दिवसांनी येतात त्यामुळे तीन महिने तसा प्रश्न नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते होईल गं तुझं. मी मावशीचं विचारत होते.”

शेवटच्या दिवशी चित्रीकरण रात्री अडीचला संपलं. केक आला. त्यावर मालिकेच्या नावातली एक वेलांटी चुकली होती आणि संवादलेखिका म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फोटो झाले. कलाकार रडले, आणि ते खोटं नव्हतं. दिवसाचे बारा-तेरा तास वर्षभर एका घरात काढले की माणूस खोट्या आईलाही खरंच दुरावतो. पण मी बघत होते ती केशरचनेची मुलगी. ती रोजावर. तिने केक खाल्ला नाही, डब्यात घेतला. लाइटवाले तर फोटोला थांबलेही नाहीत, सकाळी सातची दुसरीकडची शिफ्ट होती त्यांची. स्पॉटदादाने मला शेवटचा चहा दिला. “म्हणालो होतो ना” असं काही म्हणाला नाही. चांगला माणूस.

दुसऱ्या दिवशी माझी एक फाइल राहिली म्हणून मी बंगल्यावर गेले, तर टेम्पो लागला होता. आमचं स्वयंपाकघर अंगणात मांडलेलं. डबे, परात, घंगाळ, गणपतीची तसबीर, न पेटणारी शेगडी. त्यात ते पुरणाचं यंत्र. तीन महिने वरच्या फळीवर बसून त्याच्यावर खरी धूळ जमली होती, सेटवर आम्ही पावडर मारून करतो तशी नव्हे. मी हातात घेतलं. जाळी सैल होती, कुणालाही बसली असती. सामानवाला पोरगा म्हणाला, “घ्यायचंय का मॅडम? पण ते भाड्याचं आहे.” मी ठेवून दिलं.

शेवटचा भाग शनिवारी लागला. मी ठाण्याच्या घरात एकटीच बघितला. अर्ध्या तासात मालिकेला बावीस मिनिटं मिळतात, बाकीच्या जाहिराती. स्मृती, पत्र, हळदीकुंकू, तुळस, सगळं नीट लागलं. फोन नव्हता. सासू मोबाइल उचलताना दिसली आणि पुढच्याच क्षणी अंगणात. संकलनात पन्नास सेकंद जास्त होत होती, कुठूनतरी काढायचीच होती. कुणाचीही मी तक्रार करत नाही. मी त्या खोलीत असते तर मीही तेच काढलं असतं.

लगेच नव्या मालिकेचा प्रोमो लागला. आमचं नाव पूर्ण वर जायच्या आत.

सातला आईचा फोन आला नाही. आठ वाजता मीच केला. “बघितलंस?”

“बघितलं. ती जाऊ चांगली रडली हो.” मग म्हणाली, “सोमवारपासून ती नवीन आहे ना, बरी वाटतेय.” मला लागलं. लागायचं काही कारण नव्हतं. तिला साडेसहाला काहीतरी हवं होतं, माझंच हवं असं नव्हतं.

गणपती आले. गौरी आल्या. वेबसीरिजचं काही जमलं नव्हतं, म्हणून मी मिरजेला जाऊ शकले असते, पण गेले नाही. घरी जाऊन काय सांगायचं हा एक प्रश्न होताच. गौरीपूजनाच्या सकाळी आईचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी, डाळ शिजत असणार.

“काय गं, ती आली असेल ना आता?”

“कोण?”

“मावशी. तिच्याशिवाय जाळी कोण बसवणार? घरात आज सोळा भाज्या, पुरण, सगळं त्या एका सुनेच्या गळ्यात.”

मी गॅसवर चहा ठेवला होता. तो तसाच उकळू दिला. “आली,” मी म्हटलं. “काल पहाटे, अमरावती एक्स्प्रेसने.”

“मुलगा का मुलगी?”

“मुलगी. मावशीनेच नाव ठेवलं.”

“गौरीच्या दिवसांत मुलगी, बरं झालं.” डाव आपटल्याचा आवाज. “पण पहाटेची गाडी? एकटी बाई, सामान, नाशिकरोडहून घर किती लांब. आणायला कोण गेलं होतं?”

हे मी ठरवलं नव्हतं. घरात गाडी चालवणारे दोनच, त्यातला एक नुकता पायरीवरून पडलेला. “धाकटा दीर,” मी म्हटलं.

“तो? कागद गहाण टाकणारा?”

“अगं, सुधारला ना तो. शेवटून चौथ्या भागात. आईच्या पायाशी बसून चुकलो म्हणाला की.”

आईने कुकरचं झाकण काढलं असावं. वाफेचा आवाज आला, मग तिचा.

“एका दिवसात माणूस सुधारतो होय गं?”